बडोद्यातील नळाचे पाणी : कठीणपणा आणि शुद्धता घरच्या घरी कशी तपासावी

दांडिया बाजारातील आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी वाडा होता आणि वाड्याच्या चौकात विहीर होती. वाडा पाडून पाच मजले उभे राहिले, विहीर बुजवली गेली आणि तिच्या शेजारी बोअर घेण्यात आला. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघाला. कोणाची तूरडाळ पाच शिट्ट्या देऊनही बोटचेपी होत नव्हती, कोणाच्या गिझरची कॉइल दुसऱ्यांदा गेली होती, तर तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोन मुलांना जुलाब झाले होते. तासाभराच्या चर्चेनंतर निम्म्या लोकांचे मत इमारतीसाठी मोठा सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारे यंत्र) घ्यावा असे पडले आणि निम्म्यांचे प्रत्येकाने आरओ बसवावा असे. पाणी मात्र तोवर कोणीच मोजलेले नव्हते.

त्या सभेत दोन वेगळ्या तक्रारी एकाच पिशवीत भरल्या गेल्या. डाळ न शिजणे आणि कॉइल जाणे ही कठीणपणाची लक्षणे आहेत, तर जुलाब हे जंतूंचे लक्षण आहे. कठीण पाणी पूर्णपणे निर्जंतुक असू शकते आणि साबणाला भरभरून फेस देणारे मऊ पाणी गटाराने दूषित झालेले असू शकते. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमध्ये या दोन चाचण्या आणि त्यांचे उपाय वेगवेगळे ठेवले आहेत.

आपल्या नळाला कोणते पाणी येते

बडोद्याला एकाच ठिकाणाहून पाणी येत नाही, ही पहिली लक्षात घेण्याची गोष्ट आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आजव्याचा सयाजी सरोवर बांधला गेला आणि त्याचे पाणी निमेटा येथील केंद्रात शुद्ध होऊन शहरात येते. दुसरा मोठा स्रोत महिसागर, म्हणजे मही नदी. फाजलपूर, पोइचा, रायका आणि दोडका येथे नदीच्या पात्रात फ्रेंच विहिरी आहेत. फ्रेंच विहीर म्हणजे वाळूत खोलवर उतरवलेला काँक्रीटचा रुंद कूप, ज्याच्या तळाशी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छिद्रांचे आडवे नळ चहूकडे पसरलेले असतात. वाळूतून गाळून आलेले पाणी या नळांत शिरते, त्यामुळे ते दिसायला अतिशय नितळ असते. यांखेरीज नर्मदा कालव्याचे पाणी आणि सिंधरोटची नवी योजनाही आहे.

सरोवरात साठलेले पाणी मुख्यतः पावसाचे असल्याने त्यात क्षार सहसा कमी असतात. वाळूतून आणि मातीच्या थरांतून वाट काढत आलेल्या पाण्याला मात्र जमिनीतील कार्बन डायऑक्साइड मिळतो, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होऊन चुनखडीचा अंश सोबत घेते. नितळ दिसणारे पाणी गढूळ तळ्याच्या पाण्याहून अधिक कठीण असते, याचे कारण हे आहे. बोअरचे पाणी जमिनीत याहूनही जास्त काळ राहिलेले असल्यामुळे बहुधा सर्वांत कठीण तेच निघते.

आपल्या गल्लीला कोणत्या टाकीतून पाणी मिळते आणि त्या टाकीत कोठले पाणी चढते, हे सेवा सदनाच्या, म्हणजे महानगरपालिकेच्या, वॉर्ड कचेरीत विचारून घ्यावे. व्हॉल्व्ह फिरवायला येणाऱ्या माणसाला हे बहुधा कचेरीतल्यांपेक्षा नेमके ठाऊक असते. उन्हाळ्यात सरोवराची पातळी उतरली की पाण्याची सरमिसळ बदलते, त्यामुळे ‘मार्चपर्यंत ठीक होते, एप्रिलपासून बिघडले’ असे शेजारी म्हणत असतील, तर त्यांचे म्हणणे नोंदवून ठेवावे.

नमुने चार ठिकाणचे घ्यावेत

बहुतेक लोक स्वयंपाकघरातील नळाखाली बाटली धरतात आणि तिच्यावरून सेवा सदनाला दोष देतात. परंतु स्वयंपाकघरातले पाणी रस्त्यावरची नळवाहिनी, इमारतीचा हौद, गच्चीवरची टाकी आणि भिंतीतील जुने पाइप एवढा प्रवास करून आलेले असते. म्हणून पहिला नमुना पाणी येण्याच्या वेळी, मीटरजवळील थेट नळातून, पहिली पाच मिनिटे पाणी वाहू दिल्यानंतर घ्यावा. दुसरा जमिनीतील हौदातून, तिसरा गच्चीवरच्या टाकीला जोडलेल्या स्वयंपाकघराच्या नळातून आणि चौथा, इमारतीत बोअर असल्यास, बोअरच्या तोंडाशी घ्यावा. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळावी, काठोकाठ भरावी आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून जागा, तारीख व वेळ लिहावी. ही चिकटपट्टी लावणे कंटाळवाणे वाटते, पण ओट्यावर एका रांगेत चार सारख्या बाटल्या उभ्या राहिल्या की तिचे महत्त्व पटते.

कठीणपणा मोजणे

कठीणपणा म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शाळेच्या पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हटलेले असे, आणि पहिली कच्ची चाचणी त्या शब्दातच आहे. सारख्या आकाराच्या काचेच्या बाटल्या घेऊन एकीत बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी आणि बाकीच्यांत आपले नमुने अर्धे अर्धे भरावेत. प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे दहा थेंब टाकून सारख्याच वेळा हलवावे. साबण खराखुरा, तेलापासून केलेला हवा. कपड्यांची पावडर किंवा शाम्पू वापरल्यास कठीण पाण्यातही फेस येतो आणि चाचणी वाया जाते. आमच्या ओट्यावर डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत फेस मानेपर्यंत चढला, थेट नळाच्या पाण्यात त्याच्या निम्मा आला आणि बोअरच्या बाटलीत फेसाऐवजी दह्याच्या निवळीसारखा पांढुरका गढूळपणा आला, ज्याच्या वर चिकट साय तरंगत होती. ती साय म्हणजे कॅल्शियमने धरून ठेवलेला साबण. न्हाणीघरातील बादलीच्या कडेला जमणारी राखाडी रेघ हीच असते.

आकडा हवा असेल, तर थेंबांचा संच विकत घ्यावा. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानांत तो ‘टोटल हार्डनेस किट’ या नावाने मिळतो. संचातील नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, अमोनियाचा वास येणाऱ्या बफरचे थेंब टाकायचे आणि मग रंगद्रव्य टाकायचे, ज्याने पाणी द्राक्षाच्या रसासारखे लालसर होते. त्यानंतर तिसऱ्या बाटलीतील ईडीटीएचे द्रावण थेंब थेंब टाकत, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवत, थेंब मोजायचे. लाल रंग आधी जांभळट होतो आणि मग एकाच थेंबात स्वच्छ निळा होतो. जांभळट रंगावर थांबू नये, कारण नवख्या माणसाची चूक तेथेच होते. एका थेंबाला किती मिलिग्रॅम धरायचे हे संचावर छापलेले असते. घरात विज्ञान शाखेचे कोणी असेल, तर त्याला महाविद्यालयातील रीत आठवत असेल : ५० मिलिलिटर नमुन्याला ०.०१ मोलर ईडीटीए जितके मिलिलिटर लागेल, त्याला २० ने गुणले की दर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये कठीणपणा मिळतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालते. पुस्तकी वर्गवारीत ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत कठीण आणि त्यापुढे अतिकठीण असे धरतात. ही वर्गवारी साबण, भांडी आणि पाइप यांच्या दृष्टीने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही, त्यामुळे २५० आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही.

आता चार नमुन्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, कारण खरा उलगडा येथे होतो. समजा, थेट नळाचे पाणी १५०, बोअरचे ६०० आणि हौदाचे २८५ आहे. हौदातून नळाचा आकडा वजा केला की १३५ उरतात, बोअरमधून नळाचा आकडा वजा केला की ४५०, आणि १३५ ला ४५० ने भागले की ०.३ येते. याचा अर्थ हौदातील दर दहा बादल्यांपैकी तीन बोअरच्या आहेत. आमच्याकडे हा हिशेब निघाला तेव्हा कळले की नळाला पाणी यायला अर्धा तास उशीर झाला, की रखवालदार बोअर सुरू करून हौद भरत असे, आणि ते त्याला कोणीतरी सद्भावनेने सांगून ठेवलेले होते. लाखभर रुपयांच्या सॉफ्टनरऐवजी आम्हाला एक व्हॉल्व्ह आणि शौचालयांसाठी बोअरची स्वतंत्र टाकी एवढेच लागले.

कठीणपणाचा कोणता भाग उकळून जातो हे पाहायचे असेल, तर एक लिटर पाणी पंधरा मिनिटे उकळावे, थंड करून निवळू द्यावे, दाट कापडातून गाळावे आणि आटलेली भर डिस्टिल्ड पाण्याने पुरी करून पुन्हा मोजावे. जितका आकडा उतरला तितका तात्पुरता कठीणपणा, म्हणजे बायकार्बोनेटांचा. गिझरमध्ये आणि चहाच्या भांड्यात थर धरणारा भाग हाच असतो. उरलेला भाग सल्फेट व क्लोराइडांचा असून तो उकळून जात नाही.

टीडीएस मीटर आणि दोन सळ्यांचा खेळ

टीडीएस मीटर स्वस्त असते आणि घरात असावे, पण ते काय मोजते हे माहीत हवे. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच पाहते आणि त्यावरून विरघळलेल्या सर्व क्षारांचा अंदाज देते. चिमूटभर मीठ टाकलेल्या पाण्याचा टीडीएस उडी मारतो, पण कठीणपणा जागेवर राहतो, कारण मीठ म्हणजे सोडियम. बोअरच्या पाण्याला आपण सरसकट मचूळ किंवा खारे म्हणतो, त्यात या दोन गोष्टींची गल्लत असते. जंतूंविषयी तर हे मीटर अवाक्षरही काढत नाही.

आमच्या घरी काही वर्षांपूर्वी एक विक्रेता दोन ग्लास मांडून बसला होता. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. दोन्हींत सळ्या असलेले उपकरण बुडवून त्याने बटण दाबले आणि दोन मिनिटांत नळाचे पाणी गंजासारखे तांबूस-हिरवे होऊन त्यात गाळ तरंगू लागला, यंत्राचे पाणी मात्र तसेच राहिले. आईने त्याच दिवशी पैसे दिले. वस्तुतः तो गाळ पाण्यातला नव्हता, सळ्यांच्या लोखंडातला होता. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि लोखंड विरघळते, तर क्षार काढलेल्या पाण्यात वीज जवळपास वाहतच नाही. असा प्रयोग कोणी करू लागला, तर त्याच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगावे.

पाणी सुरक्षित आहे का

हा भाग कठीणपणाइतका मनोरंजक नाही, पण पिण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपल्याकडे नळवाहिनीत दिवसभर दाब नसतो. पाणी बंद झाल्यावर रिकाम्या वाहिनीत ओढ निर्माण होते आणि कोठे सांधा गळका असेल, तर आजूबाजूचे घाण पाणी आत शोषले जाते. नळाला थेट मोटर जोडून पाणी खेचणारे शेजारी ही ओढ वाढवतात. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-सात मिनिटे ते पिण्यासाठी भरू नये, आणि वास किंवा रंग वेगळा वाटला तर हौदाचा व्हॉल्व्ह उघडूच नये.

घरी करण्याची पहिली चाचणी, जंतू मारण्यासाठी पाण्यात घातलेल्यापैकी उरलेल्या क्लोरिनची. ओटी द्रावणाच्या थेंबांनी पाणी पिवळे होते किंवा डीपीडी गोळीने गुलाबी होते, आणि रंग संचातील पट्टीशी जुळवायचा असतो. मानकानुसार दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवा. थेट नळात तो आहे आणि हौदात नाही, तर दोष हौदाचा. थेट नळातही नाही, तर तक्रार सेवा सदनाकडे. चाचणी केलेले पाणी पिऊ नये, ते मोरीत ओतावे.

दुसरी चाचणी एच-टू-एस बाटलीची. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ती प्रसिद्ध केली, आणि ग्रामीण पाणीपुरवठ्यात ती अजूनही वापरली जाते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवावी. पाणी काळे पडले, तर विष्ठेतील जंतूंचा संशय धरावा आणि पुढील अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळून प्यावे. काळी पडलेली बाटली तशीच फेकू नये, तिच्यात ब्लिचिंग पावडरचे द्रावण ओतून तासाभराने टाकावी.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यात, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांच्याकडूनच निर्जंतुक बाटली आणावी, तोंडाला हात लावू नये आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. ई-कोलाय, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड आणि गढूळपणा एवढे मागावे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सवलत नाही, आणि बोअरचे पाणी पीत असाल तर हा आकडा आधी पाहावा.

उपाय, पण आकड्यांनुसार

तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा कमी होत नाही. तांब्याच्या भांड्याने आणि कापडाच्या गाळणीनेही तो कमी होत नाही. डाळीपुरता प्रश्न असेल, तर ती उकळून निवळलेल्या पाण्यात भिजवून शिजवावी. कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंतींतील पेक्टिनला घट्ट बांधतो, म्हणून ती टणक राहते. चिमूटभर सोडा घातला की ती लवकर शिजते, पण त्यात बी-१ जीवनसत्त्व घटते, त्यामुळे रोजची सवय करू नये.

किटली आणि नळाच्या तोट्यांवरील थरासाठी वाण्याकडे मिळणारी लिंबाची फुले, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरेशी आहेत. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालून अर्धा तास ठेवले की थर बुडबुडे सोडत सुटतो. हे द्रावण ओट्यावरून खाली सांडू देऊ नये, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांतली कोटा फरशी मुळात चुनखडकच आहे आणि आम्ल तिलाही तसेच खाते. गिझर ५० ते ५५ अंशांवर ठेवावा, कारण पाणी जितके तापते तितका थर अधिक बसतो.

थेट नळाच्या पाण्याचा कठीणपणा वर्षभर ३०० च्या वर राहत असेल, तरच सॉफ्टनरचा विचार करावा. त्यातील राळ कॅल्शियम घेते आणि बदल्यात सोडियम देते. दर १०० मिलिग्रॅम कठीणपणामागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. ३०० चा कठीणपणा पूर्ण काढला, तर लिटरला जवळजवळ १३८ मिलिग्रॅम. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील, तर स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्यावा.

आरओविषयी माझे मत स्पष्ट आहे : टीडीएस ५०० च्या खाली असेल, तर तो घेऊ नये. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये हीच रेषा आखली होती. एक लिटर पाणी देताना घरगुती आरओ साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. नळाचे पाणी क्षारांच्या दृष्टीने ठीक असून प्रश्न केवळ जंतूंचा असेल, तर यूव्ही यंत्र किंवा उकळणे पुरे. आरओ आधीच असेल, तर त्याचे टाकाऊ पाणी फरशी व शौचालयासाठी साठवावे, तुळशीला घालू नये. त्यात क्षार दाटलेले असतात.

हौद आणि टाकी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेक इमारतींचे जमिनीतील हौद बुडाले होते. अशा वेळी, आणि एरवीही सहा महिन्यांतून एकदा, हौद रिकामा करून घासावा. एकट्या माणसाला खोल हौदात उतरवू नये; झाकण आधी पुष्कळ वेळ उघडे ठेवावे आणि वर दुसरा माणूस असावा. धुतल्यावर तो भरून दर हजार लिटरला सुमारे २०० ग्रॅम ब्लिचिंग पावडर वापरावी, म्हणजे २५ टक्के क्लोरिन धरून लिटरला ५० मिलिग्रॅम पडते. पावडर बादलीत कालवून वरचे निवळ पाणीच हौदात ओतावे. त्याआधी आरओ आणि सॉफ्टनरची जोडणी बंद करावी, कारण एवढ्या क्लोरिनने पडदा व राळ दोन्ही खराब होतात. घरोघरच्या नळांना वास येईपर्यंत पाणी सोडून रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी सर्व काढून टाकावे. हौद घासताना आम्ल वापरले असेल, तर ते पूर्ण धुऊन जाईपर्यंत ब्लिचिंग पावडर आत जाऊ देऊ नये. दोन्हींच्या संयोगाने विषारी वायू निघतो.

सर्व आकडे एका वहीत ठेवावेत आणि निदान मे, ऑगस्ट व डिसेंबर अशा तीन महिन्यांत त्याच चार जागांचे पुन्हा मोजावेत. सेवा सदनाकडे तक्रार करताना ‘पाणी खराब येते’ असे लिहिण्याऐवजी तारीख, पाणी आल्यापासून किती मिनिटांनी नमुना घेतला, थेट नळातील क्लोरिन आणि शेजारच्या किती घरांत तोच अनुभव आला, एवढे लिहावे. गळका सांधा कोणत्या वळणावर आहे हे त्यांना चार घरांच्या नोंदींवरून लवकर शोधता येते.